चिंच-मिठाने धुतलेली नाणी

आमच्या यांना जुन्या रोमन नाण्यांचा नाद. देऊळगाव राजात हा नाद दुसऱ्या कोणाला असेल असं वाटत नाही. कचेरीत कारकून होते तेव्हापासून जालन्याच्या एका गृहस्थांकडून ते मातीने माखलेली नाणी घेत. दूरदेशी जमिनीतून निघालेली, सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीची, काशाची, नखाएवढी. सोन्याचांदीची नव्हती म्हणून परवडायची. सुटीच्या दिवशी ओसरीवर बसून ते एकेक नाणं साध्या पाण्यात भिजवत आणि बाभळीच्या काट्याने माती उकरत. एका नाण्याला महिना जाई. मी भांडी घासता घासता बघायची आणि मनात म्हणायची, पुरुष माणसाला घासायचं काय कळतं. एकदा बोलूनही दाखवलं, "द्या मले, दोन मिनिटांत लख्ख करून देते."

"तू चहा ठेव," ते म्हणाले. नाही का म्हणतात ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला कोणालाच काही विचारायची सवय नाही.

मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवडीची वस्तू हातात द्या, रोज द्या, एखादा शब्द परत येईल. मी चष्मा दिला, पेन दिलं, तंबाखूची रिकामी डबीसुद्धा दिली. काही नाही. मग नाण्यांचा डबा काढला. एका नाण्यावर घोडा आहे. घोडा कोलमडतोय, स्वार खाली येतोय आणि एक शिपाई त्याला भाला मारतोय. ते नाणं डाव्या हातात दिलं की ते अंगठ्याने चाचपत राहायचे. विसाव्या-पंचविसाव्या दिवशी त्यांच्या तोंडातून आलं, "घो." आणखी काही दिवसांनी, "घोडा."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्यानंतर रोज दुपारी ते नाणं हातात द्यायचं आणि तो शब्द ऐकायचा, हेच आमचं बोलणं. नाणं हातात नसेल तर शब्द यायचा नाही. खिडकीतून खरा घोडा दाखवला तरी यायचा नाही.

माझी हाव वाढली. बाकीच्या नाण्यांवर शिपाई आहेत, झेंडा आहे, किल्ल्याचा दरवाजा आहे. पण ती सगळी काळपट हिरवी, उजेडात तिरपी धरली तरच काही दिसणारी. मला वाटलं, चमकली तर यांना दिसतील. दिसली तर तेवढे शब्द येतील. अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी मी देवाची तांब्याची भांडी काढली, चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि भांड्यांबरोबर सगळी नाणी घासली. घोडाही घासला. काळा थर निघून गेला आणि लालसर पिवळं काही चमकायला लागलं. इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, नाकाजवळ नेलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, डोळे दिपले असतील. दोन दिवसांनी "घोडा" म्हणाले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

श्रावणात हवा ओली झाली. एका सकाळी सून डबा घेऊन आली. "आई, नाण्याले बुरशी लागली काय?"

फिक्या हिरव्या रंगाची भुकटी होती. पुसली तर खाली खड्डा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भुकटी, आणि शेजारच्या नाण्यावरही. किल्ल्याचा दरवाजा बोटाने दाबला तर काठ तुटून माझ्या बोटाला चिकटला.

मी आयुष्यात परक्या माणसाला फोन केलेला नाही. यांच्या वहीतून जालन्याच्या गृहस्थांचा नंबर काढला आणि दोनदा लावून कापला. तिसऱ्यांदा त्यांनीच लावला. मी भुकटीचं सांगितलं.

"वहिनी, काय लावलं होतं त्याला?"

"चिंच."

"नुसती चिंच?"

"मीठ पण."

ते हळू म्हणाले, "ते मीठ आत शिरलं, वहिनी. ओल लागली की आतून खातंय. बॅटरीत टाकतात ते पाणी आणा. त्यात नाणी बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. निघंल तेवढं मीठ निघंल. गेलेलं परत येत नाही."

बस स्टँडजवळच्या बॅटरीच्या दुकानात मी पदर ओढून उभी राहिले. चौथ्या खेपेला दुकानदार हसला. "काकू, घरी इन्व्हर्टर आहे का हत्ती पाळला? पाणी पिऊनच राह्यला."

"हाव, लागते," एवढंच म्हटलं आणि कॅन घेऊन निघाले.

सव्वा महिना मी रोज पाणी बदललं. यांना काही सांगितलं नाही. दुपारी ते डावा हात पुढे करायचे आणि मी म्हणायची, "उद्या देते." आठ-दहा दिवस त्यांनी हात केला. मग हात करणं सोडलं. शब्दही कुठे गेला कोण जाणे. मी त्यांच्या कानाशी "घोडा, घोडा" म्हणायची. ते छताकडे पाहत पडून राहायचे.

भुकटी येणं थांबलं तेव्हा नाणं कोरडं करून त्यांच्या हातात दिलं. अंगठा फिरला. पुन्हा फिरला. जिथे घोडा होता तिथे खड्डे होते, शिपायाचा एक पाय तेवढा उरला होता. त्यांनी नाणं उलटवून दुसरी बाजू चाचपली, परत ही बाजू. लहान मूल अंधारात हात फिरवतं तसं.

मला राहवलं नाही. "मी केलं," म्हटलं. "चिंच-मीठ लावलं. तुमाले नीट दिसावं म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. तीन दिवस माझ्या हातून घास घेतला नाही. मी चमचा नेला की दात घट्ट. सुनेच्या हातून मात्र जेवायचे. चौथ्या दिवशी माझ्या हातून दोन घास घेतले, डोळे मिटून.

डॉक्टरांना हे सांगितलं तर ते खूश झाले. "राग आला म्हणजे त्यांना सगळं समजलं, हे चांगलं लक्षण आहे." सून म्हणाली, "बघा आई, चांगलंच झालं."

मला काही त्यात चांगलं दिसत नाही. समजलं असेल तर ते समजून-उमजून गप्प आहेत. रोज दुपारी मी ते खड्ड्यांचं नाणं त्यांच्या हातात देते. ते धरतात, टाकून देत नाहीत. अंगठा मात्र हलत नाही.