रडून दाखवा म्हणे!

झरना मंडल रंगमंचावर रडायला लागली की मांडवातल्या बायकांच्या डोळ्यांना पदर लागलाच म्हणून समजा! मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतली ही बाई. आजोबांना सरकारनंच निर्वासित म्हणून या जंगलात आणून जमीन दिली, बापानं तिथं धान पिकवलं, अन् झरना झाडीपट्टीच्या नाटकात शिरली. दिवाळी सरली की सिंदेवाही, सावली, पार मार्कंड्यापर्यंत तिची नाटकं. गेल्या मोसमात एक प्रवेश तर भलताच गाजला. चोरीचा खोटा आळ आलेल्या भावासाठी बहीण फौजदाराचे पाय धरते अन् हंबरडा फोडते. कंपनीचे मालक प्रफुलभाऊ म्हणायचे, "झरना, तुले काय नळ जोडून हाये का वो?"

ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत तो प्रवेश तिच्या घरात घडला. धाकटा भाऊ परितोष मोठ्या शहरात फरश्या बसवायच्या कामाला होता. चहाच्या टपरीवर उभं राहून आईशी फोनवर बोलत होता. आईला मराठी येतं ते बाजारापुरतं, तेव्हा बोलणं बंगालीतच होणार. बाजूच्या कोण्या रिकामटेकड्यानं त्याचा व्हिडिओ काढला, खाली लिहिलं 'घुसखोर सापडला', अन् दिला सोडून. संध्याकाळपर्यंत पोरगा ठाण्यात! आईच्या तब्येतीची चौकशी केली, एवढाच त्याचा गुन्हा.

झरनाला रडायला फुरसत कुठली? सरपंचाला गाठलं, प्रफुलभाऊंना गाडी काढायला लावली अन् तिघं शहरात पोचली. सरपंचानं ठाण्यातल्या साहेबाला छातीठोक सांगितलं, "पोट्टा माह्या डोळ्यासमोर लहानाचा मोठा झाला, साहेब." साहेब ऐकण्यातला होता. गावच्या ठाण्यातून फोन येऊ द्या, उद्या सोडतो, म्हणाला.

त्याच दिवशी नूतनचा व्हिडिओ कॉल आला. नूतन नागपूरला शिकणारी, अन्यायाविरुद्ध मोबाइलवर पेज चालवणारी. पोरगी वाईट नव्हती, पण घाई फार. झरनानं तिला कॅमेऱ्यासमोर सगळं सरळ सांगितलं: भाऊ कोण, गाव कुठलं, जमीन कोणी दिली.

"ताई, छान बोलल्या. पण थोडं इमोशनल पाहिजे. लोक दोन सेकंदात पुढे जातात. रडू येत नाही का तुम्हाला?"

झरनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काऊन? डोळे कोरडे असले तं भाऊ माहा नाई का?"

नूतननं तेवढ्यापुरतं बरं म्हटलं, ते बोलणं पेजवर टाकलंही. मग शोधून शोधून नाटकाचा तो प्रवेश काढला, फौजदार कापला, दुःखी संगीत लावलं अन् टाकला: 'भावासाठी टाहो फोडणारी बहीण.' बस्स! देशभर हळहळ. कोणी रडकी तोंडं टाकली, कोणी हात जोडले. झरनाची खरी दोन वाक्यं ऐकायला कुत्रं फिरकलं नव्हतं, अन् पावडर लावून केलेल्या रडण्यावर जग पाघळलं.

सकाळी वडश्याच्या कोणीतरी मागचा रंगवलेला पडदा ओळखला. हे तर आमच्या गावातलं नाटक! झालं, वारं फिरलं. नाटकी बाई, नाटकी जात, भाऊही खोटा, हाकला सगळ्यांना! साहेबाच्या वरच्यालाही तो व्हिडिओ पोचला. साहेबानं मोबाइल झरनापुढं धरला.

"ही तुम्हीच ना?"

"मीच होय. पण नाटकातली."

"मग आता मी काय करू? वरून पूर्ण चौकशीचा हुकूम आलाय."

त्याच दिवशी सुटणार होता तो पोरगा! मांजराचा होतो खेळ अन् उंदराचा जातो जीव, म्हणतात ते खोटं नाही. चौकशी होईस्तोवर परितोष आतच राहिला. आत त्याला काय सोसावं लागलं, ते त्यानं कोणालाच सांगितलं नाही. झरना रोज बाहेरच्या बाकावर बसायची. येणारे-जाणारे तिच्याकडं पाहून हसायचे, एकानं तर म्हटलंच, "बाई, रडून दाखवा ना." प्रफुलभाऊ त्याच्या अंगावर धावले. झरनानं त्यांना हाताला धरून बसवलं, कारण भांडण झालं असतं तर त्याचाही व्हिडिओ निघाला असता.

शेवटी चौकशीत काहीच निघालं नाही. निघणार काय, कप्पाळ? परितोषला सोडलं. घरी पोचले तर अंगणात नूतन आधीच हजर. ती खरोखर रडत होती, माफी मागत होती, अन् हातात मोबाइल सुरूच होता.

"ताई, लोकांना शेवट कळायला पाहिजे. एकदा दोघं मिठी मारा ना."

"रडणं पाहाचं असंन तं तिकीट काढून मांडवात ये," झरना कडाडली. "माहं घर काय तुह्या कंपनीचा मंच नोहे. बंद कर ते!" अन् दार लावून घेतलं.

आत आई लेकाच्या तोंडावरून हात फिरवत होती. बंगालीत विचारत होती: जेवलास का, बाळा? मारलं का रे तुला?

"काई नाई झालं," परितोष मराठीत म्हणाला.

आईला वाटलं, थकलाय. तिनं पुन्हा विचारलं. तो पुन्हा मराठीतच, खिडकीकडं पाहत, "जेवलो मी. बरा हावो." म्हातारी लेकाच्या तोंडाकडं पाहतच राहिली.

झरनाचा संताप अनावर झाला. ती बंगालीतच ओरडली, "अरे, हे आपलं घर आहे! निदान आईशी तरी आईच्या भाषेत बोल!"

परितोषनं चटकन उठून खिडकी लावली.

"हळू बोल, दिदी," तो मराठीत म्हणाला. "बाहेर आवाज जाऊन राह्यला."