मामांच्या कळपातला काळा खडा

भुताखेतांच्या गोष्टी वाचून फिदीफिदी हसणाऱ्यांपैकी मी. महाडला माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. "फोन आपोआप चालू होतो" म्हणत रोज कोणीतरी येतं. आपोआप काही होत नसतं, बटण अडकलेलं असतं. या अनुभवातलं बटण मात्र मला अजून सापडलेलं नाही...

मागच्या जुलैतली गोष्ट. माझे सासरे — आम्ही त्यांना मामा म्हणतो — पोलादपूरच्या वर एका वाडीत एकटे राहायचे. पुढे पडवी, मागे शेळ्यांचा गोठा, गोठ्यामागे सरळ डोंगर. तळीये गावावर दरड कोसळली तेव्हापासून, पाऊस लागून राहिला की बायकोच्या डोळ्याला डोळा नाही. "आज बाबांना घेऊनच या," म्हणून तिने मला पिटाळलं.

"शेरडं कुठं ठेवू? तुमच्या फ्लॅटच्या ग्यालरीत?" मामा म्हणाले.

"मित्राच्या शेतावर सोय केलीय. सडकेला टेम्पो उभा आहे."

"नाय येत." मग माझ्या पिशवीकडे बघून मिस्कील हसले. "पट आणलाय काय?"

बुद्धिबळाचा पट माझ्याकडे कायम असतो. तालुका चॅम्पियन आहे मी. (स्पर्धक मोजकेच होते, तो विषय वेगळा.) मामांचा खेळ मात्र गुराख्यांचा, डोंगरावरच्या मोकळ्या सड्यावर गुरं सोडून खेळायचा. एकाकडे राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडे. दुसऱ्याकडे नुसती प्यादी, अर्धा पट भरून. सेटमधली संपली की खडे. हा कळप. एक जरी प्यादं समोरच्या काठाला पोचलं, की कळप उतरला. सगळी मारली गेली, की कळप बुडाला.

"माझा कळप उतरला, तर मीपन शेरडं घेऊन उतरतो," मामा म्हणाले. "तुमी समदा मारलात, तर हितंच ऱ्हानार. परत इषय काढायचा नाय."

म्हणजे मला फक्त हरायचं होतं! इतकं सोपं काम आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

आणि मी काय केलं? पहिलं प्यादं फुकट मिळत होतं, मारलं. मग दुसरं. मामांनी टोमणा हाणला, "च्यांपियनचा हत्ती आज उपाशी हाय वाटतं?" — झालं, डोकं फिरलं. वजीर घुसवला. शेवटी उरला एक काळा खडा. तोही मारला, तळहातावर घेतला आणि ग्रुपवर टाकायला सेल्फी काढला! स्वतःचं हसू स्क्रीनवर बघताना कळलं, काय करून बसलो ते.

मागे शेरडं सारखी ओरडत होती. आता बायकोला काय तोंड दाखवू, या विचारात पट आवरायला वाकलो...

काळा खडा पटावर होता.

मूठ उघडली. रिकामी.

"मामा, चेष्टा नको."

"मी कशाला करू? माझं तर ऱ्हायचं ठरलं नव्हं?"

खडा उचलून लांब, उंबऱ्यावर ठेवला. मामांकडे पाहिलं, परत खाली पाहिलं — खडा पटावर. काठाच्या अजून जवळ. शेरडं एकदम गप्प झाली. मामांनी दोन्ही हात मांडीखाली घातले. ते बघून मीही घातले. हलताना तो मला दिसलाच नाही. पापणी लवली आणि खडा शेवटच्या घरात होता.

मामा उठले. चेहरा पांढरा. "कळप उतरला. चला."

छत्रीसुद्धा न घेता त्यांनी शेरडं सोडली. सडकेला टेम्पोत ती चढवत होतो, तेव्हा वरून आवाज आला — दगडांचा ट्रक रिकामा करावा तसा, पण थांबेचना. गोठा गेला, पडवी गेली, पट गेला. वाडीतली बाकीची घरं पलीकडच्या अंगाला, म्हणून वाचली.

सेल्फी अजून फोनमध्ये आहे. एकही प्यादं नसलेला पट, माझे दात, तळहातावर खडा.

मामा आता आमच्याकडेच असतात. परवा चहा पिताना हळूच म्हणाले, "जावईबापू, आता तरी खरं सांगा. मला खाली आनायला तो खडा तुमीच सरकवलात ना?"

नाही म्हटलं, तर पाठीवर थाप मारून हसले. अख्ख्या वाडीला त्यांनी हेच सांगितलंय. बायको हल्ली न मागता भजी तळते.

पण मंडळी, मुद्दाम हरण्याइतका शहाणपणा माझ्यात असता, तर मी ते पहिलं प्यादं तरी मारलं असतं का?