दोन रेघांचं पाचाचं नाणं

आमचे हे रिक्षा चालवतात. संध्याकाळी घरी आले की खिशातली चिल्लर ताटलीत ओततात, आणि मी चहा ठेवून ताटली खिडकीपाशी नेते. आमच्या खोलीला ती एकच खिडकी. घाटकोपरला डोंगरावर घर असल्यामुळे उजेड मात्र भरपूर येतो. "झाला का गं पंचनामा?" असं हे रोज विचारतात. पण भिंग त्यांनीच आणून दिलेलं आहे.

नाद लेकीमुळे लागला. मुलुंडला एका शाळेच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा नाणी जमवणारे लोक भेटतात, तिथे तिने मला नेलं. मी मागच्या खुर्चीवर बसून नुसती ऐकायची. तिथले म्हातारे सर सांगायचे, "नाणं पाडायच्या ठशावरच अक्षर दोनदा उमटलं असेल, तर तो नाण्याचा खरा वेगळा प्रकार. ठसा चांगला असून दाबताना हलला, तर ती नुसती खोट. फसायला होतं, कारण वरवर दोन्ही सारखंच दिसतं."

मला हे लगेच कळलं. लग्नाआधी मी साकीनाक्याला खोट्या दागिन्यांच्या कारखान्यात होते. प्रेस सैल झाला की पानांची नक्षी फरफटायची आणि शेठ ओरडायचा.

तरी मी फसलेच. उन्हाळ्यात ताटलीत एक पाचाचं नाणं आलं. त्यावरच्या 'भारत'ची वरची रेघ दुहेरी होती. मी चौथीपर्यंतच शिकले, वाचताना एकेक अक्षरावर थांबते, म्हणून ते दिसलं असावं. रोज खिडकीत धरून बघायची. दुसरी रेघ छान गोल, उठावदार दिसायची. पुढच्या भेटीच्या रविवारी प्रत्येकाने आपापलं एक नाणं टेबलावर मांडायचं ठरलं, तेव्हा सर माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, या वेळी तुम्हीपण." मी मान डोलावली. हॉलमधल्या टेबलावर माझ्यासाठी पहिल्यांदाच जागा ठेवली होती.

लेकीने नाण्याचा फोटो स्टेटसला ठेवला. बोरिवलीहून धाकट्या नणंदेचा फोन आला, "वहिनी, लाखाचं आहे म्हणे! रविवारी मी हॉलवर येते हां बघायला."

रविवारी सकाळी शेजारणीला दाखवायला मी नाणं बाहेर गॅलरीत नेलं. तिथे ऊन दुसऱ्या बाजूने येतं. नाणं तिच्या हातात देताना दुसरी रेघ एकदम बसकी झाली. मी ते गोल फिरवलं. एका बाजूने उठाव, दुसऱ्या बाजूने सपाट पायरी. खऱ्या प्रकारात दोन्ही रेघा उंच असतात आणि टोकाला फाटा फुटतो. इथे ठसा हलून रेघेचीच कड चेपली होती. खिडकीतल्या एकाच बाजूच्या उजेडाने सावली पडायची आणि मी तिला रेघ समजत होते.

मी आत येऊन बसले. जागा मिळाली आणि मांडायला काही नाही.

लेक म्हणाली, "ठेव ना तेच. कोण भिंग लावून बघणार आहे?"

"अगं, तिथे सगळे भिंग लावूनच बघतात."

"मग जाऊच नको."

"आत्या निघाली असेल ना तुझी!"

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. हे ओरडले, "नाणं घेऊन ये नाहीतर नाण्याशिवाय ये, पण ये बाई लवकर!"

मी एका जाड कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'हा प्रकार नाही. दाबताना ठसा हलला आहे.' आणि हॉलमध्ये पोचल्यावर टेबलावर नाण्यापुढे तो कागद ठेवला. सरांनी तो वाचला, नाणं उजेडात फिरवलं, आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

थोड्या वेळाने अंधेरीचे एक भाऊ आले. कागद वाचून त्यांनी खिशातून तसंच पाचाचं नाणं काढलं. "माझंपण असंच आहे. खरा प्रकारच समजत होतो मी. कसं ओळखलंत?"

मी सरांकडे बघितलं. सर मुद्दाम दुसरीकडे बघत होते. मग मीच भाऊंना हॉलच्या दारात नेलं. "असं फिरवा. आता रेघ कुठे गेली?"

"अरे यार, वाट लागली!" ते म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले. त्यांनी आणखी एकाला बोलावलं, त्याने तिसऱ्याला. प्रत्येकाकडे एखादं संशयाचं नाणं होतंच. मी दारातच उभी राहिले. एका काकांचं नाणं फिरवलं, तर रेघ हलेना आणि टोकाला फाटा स्पष्ट दिसला. ते मी धावत सरांकडे नेलं. सर म्हणाले, "बरोबर. हे खरं." काकांपेक्षा मलाच जास्त आनंद झाला.

नणंद वडापाव खात बघत होती. "लाखाचं नाही तर नाही," ती म्हणाली, "पण वहिनी, तू चक्क बोलतेस की गं!"

परतताना घसा पार बसला होता. ह्यांनी चहासाठी रिक्षा थांबवली, तेव्हा आल्याचा हवा, हे मी हातानेच सांगितलं.