सोमनाथरावांची उतरण

सोमनाथ आहेरची प्रगती त्याच्या गावानं पगारावरून कधीच मोजली नाही. पगार दिसत नाही. गावानं ती मोजली चाकांवरून. देवळा या तालुक्याच्या गावाअलीकडच्या त्या लहान गावातून तो शाळेला जायचा तेव्हा वडिलांची जुनी काळी सायकल होती. सीटवर बसलं की पाय पोचत नसत, म्हणून दांडीखालून तंगडी घालून, एका कुशीवर कलंडत तो देवळा गाठायचा. पुढे नाशकात सरकारी कार्यालयात कारकून म्हणून चिकटला आणि दिवाळीला लूनावर बसून गावात आला, तेव्हा लोक म्हणाले, पोरगं मार्गाला लागलं. स्कूटर आली तेव्हा मुलींचे बाप चौकशा करू लागले. चारचाकी आली त्या दिवशी मारुतीच्या पाराशी नारळ फुटला आणि सोम्याचे सोमनाथराव झाले.

तेव्हापासून गावात गेलं की त्यांना खुर्ची मिळायची, चहा मिळायचा आणि चहा संपायच्या आत कुणी ना कुणी विहिरीच्या मंजुरीचं नाहीतर भाच्याच्या नोकरीचं काम काढायचं. सोमनाथरावांच्या कार्यालयाचा या कशाशीच संबंध नव्हता. पण हे त्यांनी कधी स्पष्ट करून सांगितलं नाही. "बघतो," म्हणायचे आणि गाडीची काच वर करायचे.

अशा माणसाला पन्नाशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, साखर वाढली आहे, सायकल चालवा.

सोमनाथरावांना हे औषध अपमानास्पद वाटलं. ज्या सायकलवरून उतरण्यासाठी त्यांनी अभ्यास केला, परीक्षा दिल्या, साहेबांच्या मुलांच्या मुंजीत जेवणाचे पाट उचलले, तिच्यावरच परत बसायचं? पण घराजवळ, इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर त्यांना बंटी भेटला. बंटीचं टाइल्सचं दुकान होतं, केस पिकले होते, मुलगी कॉलेजात होती, तरी तो बंटीच राहिला होता. सोबत चैताली होती, भौतिकशास्त्राची प्राध्यापिका. ती कमी बोलायची आणि चढावर बंटीच्या पुढे असायची. हे दोघं डोंगरातून सायकली चालवत. "आहेरसाहेब," बंटी म्हणाला, "तुम्ही म्हणता ती सायकल वेगळी. ती गरज होती. ही हौस आहे."

हा फरक सोमनाथरावांना पटला. गरज आणि हौस यांत जेवढं अंतर, तेवढंच ते आयुष्यात चालून आले होते.

मग तयारी सुरू झाली. सायकल आली, तिची चाकं स्कूटरला शोभतील अशी जाड, आणि सीट मात्र एवढीशी, की दुकानदार उरलेलं द्यायला विसरला की काय असं सोमनाथरावांच्या बायकोला, उज्वलाताईंना, वाटलं. हेल्मेट आलं, हातमोजे आले, पाठीवरून नळीनं पाणी प्यायची पिशवी आली. शेवटी आली ती आतून गादी लावलेली घट्ट काळी चड्डी. ती घालून सोमनाथराव हॉलमध्ये आले तेव्हा उज्वलाताई शेंगा सोलत होत्या.

"हे घालून बाहेर जायचं?"

"तशीच पद्धत आहे."

"आणि वरून?"

"वरून काही नसतं."

उज्वलाताईंनी दोन-तीन शेंगा सोलल्या. "मग अंधारातच निघत जा," म्हणाल्या.

ते खरंच अंधारात निघू लागले. पांडवलेणीच्या मागच्या टेकडीवर बंटीनं त्यांना गिअर शिकवले, उतारावर वजन मागं कसं टाकायचं ते शिकवलं. सोमनाथराव उतारावर एकदाही पडले नाहीत. पडले ते परतताना सिग्नलला, सायकल पूर्ण थांबलेली असताना, एका रिक्षाच्या अंगावर. रिक्षावाल्यानं त्यांना उचललं, कपडे पाहिले आणि शिवी गिळून सोडून दिलं.

थंडी पडल्यावर बंटीनं मोठ्या सहलीचा बेत काढला. मोबाइलवर नकाशा उघडून त्यानं बोट फिरवलं. धोडप किल्ल्याच्या पायथ्यापासून डोंगराच्या कडेकडेनं जायचं, बारी म्हणजे खिंड ओलांडायची आणि देवळ्याच्या अंगाला उतरायचं. "कुणालाच माहीत नसलेली वाट सापडली," तो म्हणाला.

त्या कुणालाच माहीत नसलेल्या वाटेवर सोमनाथरावांनी लहानपणी बकऱ्या वळल्या होत्या. वाट जिथं सपाटीला लागत होती तिथं त्यांचं गाव होतं, आणि गावात सायकलवरून जाणं म्हणजे फुटलेला नारळ परत जोडण्यासारखं होतं.

"अंजनेरीला जाऊ," ते म्हणाले. "देवळ्याकडं काही बघण्यासारखं नाही."

"तुम्ही गेलायत तिकडं?" चैतालीनं विचारलं.

"एकदा-दोनदा," जन्मल्यापासून मिसरूड फुटेपर्यंत तिथं राहिलेले सोमनाथराव म्हणाले.

बेत बदलला नाही. सोमनाथरावांनी मनाशी हिशेब केला, हेल्मेट, काळा चष्मा आणि तोंडाला फडकं असलं तर स्वर्गातून आईसुद्धा ओळखायची नाही. गावात थांबायचं नाही. सरळ डांबरी गाठायची.

रविवारी सकाळी बंटीच्या दुकानाच्या टेम्पोतून सायकली पायथ्याला उतरल्या. पहिला चढ सोमनाथरावांनी सायकलवर बसून काढला, दुसरा ढकलत, आणि तिसऱ्याला सायकलच त्यांना मागं ओढते आहे की काय असं वाटू लागलं. कारवीच्या काटक्या पायांना ओरबाडत होत्या. बंटी मधूनमधून "मस्त, साहेब, मस्त" म्हणत होता, पण त्याचा स्वतःचा श्वास त्या 'मस्त'मध्ये पुरत नव्हता. चैताली बारीच्या तोंडाशी दगडावर बसून पेरू खात दोघांची वाट पाहत होती.

वर पोचल्यावर पलीकडचा मुलूख उघडला. खाली कांद्याचे वाफे, शेततळ्यांचे निळे तुकडे, लांब देवळ्याची घरं. बकऱ्या राखताना सोमनाथराव इथं शेकडो वेळा बसले होते, पण तेव्हा याला कुणी देखावा म्हणत नव्हतं. तेव्हा नजर बकऱ्यांवर असायची. बंटीनं थर्मासातला चहा दिला. वारा कानांवरून जात होता. सोमनाथराव चहा हातात धरून खाली बघत राहिले, आणि ते दमल्यामुळं आहे असं त्या दोघांना वाटलं.

मग उतार. सुरुवातीला त्यांनी ब्रेक आवळून धरले. पुढं वाट जराशी रुंद झाली, माती मऊ झाली, आणि त्यांची बोटं आपोआप सैल पडली. सायकल सुटली. वळणं पुढ्यात यायची आणि अंग शिकवल्यावाचून झुकायचं. दगडांवरून चाकं उडायची आणि पुन्हा जमिनीला लागायची. कार्यालय, साखर, बढतीची फाइल, सगळं मागं धुळीत राहिलं. तोंडाचं फडकं कधी सुटून उडालं ते त्यांना कळलं नाही, कारण ते हसत होते. काहीही विनोद झालेला नसताना.

उतार जिथं संपतो तिथं पहिलंच शेत यशोदाबाईंचं. नात्यानं सोमनाथरावांच्या चुलत काकी. कांद्याची लागवड चालली होती, बायका ओळीनं वाकून रोपं खोचत होत्या, आणि बांधावर उभ्या यशोदाबाई त्यांच्यावर नजर ठेवून होत्या. समोरून तीन सायकली गेल्या. पहिल्या दोन त्यांनी जाऊ दिल्या. तिसरा गडी एका कुशीवर कलंडून बसला होता.

"सोमा."

हाक अशी होती, की साहेबपणाचा वर्षानुवर्षांचा सराव उलटा फिरला आणि हातानं ब्रेक दाबला.

"तूच शे ना रे सोमा?"

"हो, काकी."

"गाडी कोठे शे?"

"नाशकात आहे. घरी."

"इकी टाकी का?"

"नाही, काकी, विकली नाही. हौस म्हणून आलो. सायकलवर."

लावणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. यशोदाबाई दोन पावलं जवळ आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "नोकरी शे ना?"

"आहे ना. डॉक्टरांनी सांगितलं, साखर झालीय, सायकल चालवा."

हे सांगायला नको होतं. यशोदाबाईंच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. आधी दुखणं, मग दवाखान्यापायी गेलेली गाडी, मग गेलेली नोकरी. त्यांची नजर चड्डीवर आली तेव्हा उरलंसुरलंही बसलं. त्यांनी डोक्यावरचा पंचा सोडला आणि पुढं केला. "कमरेले गुंडाळ, बाबा. बाया शेतस."

सोमनाथरावांनी बायकांकडं न बघता पंचा गुंडाळला.

तेवढ्यात बंटी आणि चैताली मागं फिरून आले आणि बंटी मदतीला धावला. "आजी, ही साधी सायकल नाही बरं का. हिच्या किमतीत जुनी मोटारसायकल येते."

यशोदाबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "मग ती का नही लिधी?"

मोटारसायकल का घेतली नाही हे सांगण्याऐवजी बंटी हेल्मेटचा पट्टा सोडवू लागला. चैताली धोडपकडं पाहू लागली.

यशोदाबाईंनी तिघांना बांधावर बसवून पिठलं, भाकरी आणि ठेचा खायला घातला. सोमनाथरावांना 'अजून घे' म्हणताना त्यांचा आवाज इतका मायेचा होता, की गाडीतून उतरून खाल्लेल्या कुठल्याही पुरणपोळीबरोबर तो त्यांनी ऐकला नव्हता. बंटीनं फोटो काढले आणि मोबाइलवरच्या सायकलवाल्यांच्या गटावर टाकले, "अस्सल गावरान". परतीच्या टेम्पोत चैताली म्हणाली, "एकदा-दोनदा गेलेल्या माणसाला बरंच ओळखतात, सर." सोमनाथराव झोपल्याचं सोंग घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी उज्वलाताईंना लहानूचा फोन आला. लहानू म्हणजे चुलतभाऊ. सोमनाथरावांच्या वाट्याची जमीनही तोच कसायचा. "वहिनी, तुम्ही काय बोलू नका," तो म्हणाला, "आम्हाला समजलंय सगळं." उज्वलाताईंनी खरं ते सांगितलं. लहानू ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बरोबर हे. असं धीरानंच घ्यायचं."

आठवड्याच्या आत बाजरीचं पोतं, कांदे आणि लहानू स्वतः इंदिरानगरात हजर झाले. त्यानं घरातला मोठा टीव्ही पाहिला, एसी पाहिला आणि हे सगळं हप्त्यावरचं असणार असं मनात धरून नजर खाली वळवली. सोमनाथरावांनी कार्यालयाचं ओळखपत्र काढून दाखवलं. "जुनं जपून ठेवलंय, चांगलं केलं," लहानू म्हणाला.

तेव्हा सोमनाथराव चिडले. पुढच्या रविवारी गाडी धुतली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि गावात जाऊन पारापाशी हॉर्न वाजवला. लोक जमले. एका म्हाताऱ्यानं दरवाजावर हात फिरवून विचारलं, "कुणाची आणली रे?"

त्या दिवशी खुर्ची आली नाही. पारावर सरकून लोकांनी त्यांना जागा करून दिली. विहिरीच्या मंजुरीचा विषय कुणी काढला नाही. हातातलं सगळं गेलेल्या माणसाला काय काम सांगणार? त्याऐवजी लोक बोलत बसले. कोणाचा भाऊ कोणाशी बोलत नाही, शाळेचं छप्पर कसं गळतं, मालेगावच्या डॉक्टरनं कुणाला काय सांगितलं. लहानू सहज बोलून गेला, की वाट्याच्या जमिनीतली विहीर दोन वर्षं कोरडी आहे आणि तो शेजाऱ्याच्या पाण्यावर भागवतो.

"मला का नाही सांगितलं?"

"साहेबाला काय त्रास द्यायचा," लहानू म्हणाला, आणि जीभ चावली, कारण साहेब हा शब्द आता लागेल असं त्याला वाटलं.

सोमनाथरावांनी खुलासा करायला तोंड उघडलं होतं. ते मिटलं. नंतरच्या महिन्यांत त्या खुलाशासाठी त्यांनी ते पुन्हा उघडलं नाही. बंटीनं साल्हेर किल्ल्याचा बेत मांडला तेव्हा ते म्हणाले, बारीचीच वाट बरी, आणि बंटीला वाटलं, साहेबांना उताराची चटक लागली. ते खोटंही नव्हतं.

वैशाखात लहानूच्या मुलीचं, वैष्णवीचं लग्न झालं. एरवी अशा लग्नात सोमनाथरावांना फेटा बांधून सोफ्यावर बसवत आणि माइकवरून नाव पुकारत. या वेळी कुणीतरी त्यांच्या हातात रश्श्याची बादली दिली. घरच्या माणसांना देतात तशी, काही न विचारता. पंगती उठत होत्या, बसत होत्या, आणि सोमनाथराव बाह्या वर करून वाकत वाढत चालले होते. बायकांच्या पंगतीतून उज्वलाताई त्यांच्याकडं बघत होत्या.

त्याच आठवड्यात त्यांच्या बढतीचा आदेश निघाला होता. कार्यालयात पेढे वाटून झाले होते.

यशोदाबाईंच्या पानापाशी ते आले तेव्हा काकींनी वाटी पुढं केली आणि हळूच विचारलं, "नोकरीनं काही जमनं का रे, सोमा?"

सोमनाथरावांनी वाटी भरली, वर तर्री घातली.

"प्रयत्न चालू आहेत, काकी," ते म्हणाले आणि पुढच्या पानाकडं सरकले.