सावनेरचं चाक

नागपूर स्टेशनात उतरलो आणि दात वाजायला लागले. आम्ही साताऱ्याची माणसं थंडीला भीत नाही, पण सदुसष्ट सालचा तो डिसेंबर औरच होता. न्यायला आलेला आतेभाऊ वामनदादा मात्र तोंड पाडून उभा. सावनेरच्या ज्या जिनात (कापसातून सरकी काढण्याचा कारखाना) तो मॅनेजर होता, तिथलं मुख्य दातेरी चाक तुटलं होतं.

सावनेरला पोचलो तर कापसाच्या बैलगाड्यांची ही रांग! शेतकरी चार दिवस गाड्यांखालीच झोपत होते. यंत्र विलायती, जुनं. ते बनवणाऱ्या कंपनीचा मुंबईचा एजंट येऊन बसला होता आणि सुटं चाक मिळणार नाही, अख्खं नवं यंत्र घ्या, हे त्याचं पालुपद चालू होतं. माझं डोकंच फिरलं. साहेब गेला तरी ही तऱ्हा! आधी इथली रुई न्यायची, तिचंच कापड आमच्या गळ्यात मारायचं, आणि आता यंत्राची वेसण स्वतःच्या हातात ठेवायची.

जिनातले फिटर गुलाबराव मिस्त्री मात्र कामाला लागले होते. त्यांनी सागवानाचा साचा कोरला, नागपूरच्या ओतशाळेतून चाक ओतून आणलं आणि दोन दिवस त्याचे दात कानशीनं घासले. नाही चाललं तर नोकरी सोडतो, असं मालकाला सांगून बसले होते. त्यांच्याकडे जेवायला गेलो. सांबारवडीनं (सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर) माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. मिस्त्री मात्र दोन घासांत उठले आणि पुन्हा कानस घेऊन बसले.

शनिवारी सकाळी चाक चढवलं. पट्टा फिरला, घरघर झाली आणि पांढरीशुभ्र रुई भसाभसा बाहेर पडू लागली. गाडीवाल्यांनी पागोटी उडवली. मीही नाचलो, लाज कसली!

एजंट बराच वेळ चाक न्याहाळत होता. मग हळूच म्हणाला, युगांडात अशीच यंत्रं बंद पडली आहेत; साचा कंपनीला विका, मागाल ते देऊ.

गुलाबराव हात पुसत म्हणाले, "तुमाले काहून देऊ साहेब? तो कुलपात जाईन. त्या युगांडावाल्यायले म्हणा, सरळ मले लिवा. गुलाबराव मिस्त्री, सावनेर, जिल्हा नागपूर. चाक मी पाठवतो."

एजंटानं पत्ता लिहून घेतला.

साताऱ्याला परतल्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी दादाचं कार्ड आलं. युगांडाहून मागणी आली होती, पत्ता त्या एजंटानंच दिला होता म्हणे. ज्या रुळांवरून आमचा कापूस विलायतेला गेला, त्याच रुळांवरून सावनेरचं चाक आफ्रिकेला निघालं होतं. ते कार्ड मी अख्ख्या आळीला वाचून दाखवलं, दोनदा.