शालीला हरकत

बाररूमचा चिटणीस होऊ नये. झालंच तर निदान तिथं कुणाचं कौतुक करायचा ठराव मांडू नये. मी दोन्ही केलं, आणि तेही अक्कल यायच्या वयाआधी.

निजामी जाऊन बरीच वर्षं लोटली होती. आधी हैदराबादेत, मग मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात, असं आमचं उस्मानाबाद जागचं न हलता तीन घरी नांदून आलं होतं. कोर्टाची इमारत तीच, बाकडी तीच, चिंचेखाली बसून अर्ज लिहिणारे तेच. फक्त उर्दू गेली आणि तिच्या जागी इंग्रजी-मराठी आली. सोलापूरकडचे वकील एखाद्या कामाला आमच्याकडं आले की नाक वर करून म्हणायचे, "वादी-प्रतिवादींना इथं अजून मुद्दई-मुद्दालेहच म्हणतात वाटतं!" माझं डोकं फार लवकर तापतं. एकदा असंच तापलं आणि मी ठरवलं, आमच्याकडचे वकील काय चीज आहेत ते यांना दाखवायचंच. जिल्हा न्यायाधीशांना अध्यक्ष करायचं, सोलापूरकरांना पहिल्या रांगेत बसवायचं आणि त्यांच्या नाकासमोर आमच्या वकीलसाहेबांचा सत्कार करायचा.

तसे आम्ही सगळेच वकील. पण गावात नुसतं 'वकीलसाहेब' म्हटलं की एकच माणूस. काळी शेरवानी, पांढरीशुभ्र दाढी आणि आवाज इतका मऊ की न्यायाधीशांना पुढं वाकून ऐकावं लागायचं. उलटतपासाला उभे राहिले की साक्षीदाराला आधी पाणी विचारायचे, मग त्याच्या बैलांची चौकशी, मग पाऊसपाण्याची. साक्षीदार खुशीत येऊन बोलायला लागायचा आणि बोलता बोलता स्वतःच्याच तोंडानं खोटा पडायचा. वर पिंजऱ्यातून उतरताना त्यांनाच सलाम करून जायचा!

उर्दू गेली तेव्हा त्यांच्या बरोबरीचे काही जण घरी बसले, काहींनी हैदराबाद गाठलं. हे म्हणाले, "कायकू जाना?" आणि उतारवयात मराठी कायद्याची पुस्तकं आणून घोकत बसले. शिकलेही झकास. पण लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच, की हा उर्दूतला वकील, आता काय कामाचा. पक्षकार एकेक करून पांगले. मी चिटणीस झालो तेव्हा त्यांच्या हातात एकच काम उरलं होतं.

ते काम परंड्याकडच्या एका धनगर म्हातारीचं. तिच्या मेंढरांची ओढ्याकडं जायची वहिवाट एका बागायतदारानं काट्या टाकून बंद केली होती. वकीलसाहेबांनी परंड्याच्या कोर्टात भांडून ती वाट मोकळी करून दिली. बागायतदार चिडून अपिलात आला, आणि अपिलात त्याचे वकील होते रावसाहेब.

रावसाहेब म्हणजे आमच्याकडचं दुसरं टोक. धिप्पाड, तोंडात सदा पान, आवाज असा की कोर्टात बोलले तर बस स्टँडवर ऐकू जावं. त्यांची सारी हयात वकीलसाहेबांच्या विरुद्ध उभं राहण्यात गेलेली. कोर्टात एकमेकांना फाडून खायचे, बाहेर नुसता एक कोरडा रामराम, एक कोरडा सलाम. एकानं दुसऱ्याविषयी बरा शब्द काढल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

तर, मी बाररूममध्ये ठराव मांडला आणि मानपत्राचा मसुदा वाचायला घेतला. वकिलांसमोर मसुदा वाचायचा म्हणजे काय, ते विचारू नका. 'निष्णात' म्हटलं, तर एकानं पुरावा मागितला. 'निःस्पृह' म्हटलं, तर दुसरा उसळला, "मग बाकीचे आम्ही कोण?" 'ज्येष्ठ' या शब्दावर तर रणकंदन झालं, वयाचा दाखला जोडल्याशिवाय ज्येष्ठ कसं लिहिता म्हणे. शेवटी मी टेबलावर मूठ आपटली. "अहो, सत्कार करायचाय त्यांचा, जामीन नाही द्यायचा!"

कोपऱ्यात पान जमवत बसलेले रावसाहेब तेवढ्यात म्हणाले, "मी बोलणार त्या दिवशी." नाही म्हणायची कुणाची छाती होती? झालं, म्हटलं, आता सोलापूरकरांसमोर हा बाबा आमचं नाक कापणार.

वकीलसाहेबांना सांगायला घरी गेलो, तर ते हिरमुसलेच. म्हणाले, "बेटा, शाल कायकू? एखादी केस दे ना." मी आपला हसलो. मला वाटलं, गंमत करतायत. आतून पडद्याआडून बेगमसाहेबांचा आवाज आला, "शेरवानीला ऊन दिलंय मी. आता नाही म्हणाल तर बघा!" त्यापुढं त्यांचं काही चाललं नाही.

समारंभ रविवारी दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये. आणि अपिलाची तारीख नेमकी सोमवारची. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष सोलापूरकरांच्या खुर्च्यांवर.

ते आले, ऐटीत बसले. न्यायाधीशसाहेब आले. मी दाराशी हारांची टोपली आणि शाल सांभाळत उभा, तर समोर धनगरमावशी. सोमवारी सकाळी गाडी मिळायची नाही म्हणून आदल्या दिवशीच आलेली. तिची नजर माझ्या हातातल्या शालीवर खिळली.

"ही कुणाला?"

"आपल्या वकीलसाहेबांना, मावशी. सत्कार आहे त्यांचा." मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हंजी? वकीलसाब घरी बसनार?"

"छे, छे! घरी कशाला बसतील?"

"मग शाल कशापायी? आमच्या गावच्या मास्तरास्नी शाल-नारळ दिला, दुसऱ्या दिशी गाडीत भांडीकुंडी भरून गेलं. तलाठ्याला दिली, गेला. लेकीच्या गावी, येडशीला, ठेसनमास्तरला दिली, त्योबी गेला. शाल पांघरली की मानूस संपला बगा."

"ही शाल तसली नाही, मावशी."

"मग कसली?"

आता काय सांगणार कपाळ! मी खरंच आठवून पाहिलं. आमच्या भागात नोकरी न सुटता कुणाला शाल मिळाल्याचं मलाही आठवेना. निरोपाशिवाय सत्कार असतो, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं, पाहिलं कुणी होतं?

मी तोंड उघडेपर्यंत मावशी तरातरा पुढं गेली आणि व्यासपीठाखाली उभ्या असलेल्या वकीलसाहेबांना म्हणाली, "वकीलसाब, तुमी लई केलं माज्यासाठी. तुमास्नी देव लई देईल. पर उद्याच्याला माजी मेंढरं अडून ऱ्हातील. माजं कागद द्या, म्या दुसरा वकील बगते."

वकीलसाहेबांनी एकदा शालीकडं पाहिलं. मग त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे, मावशी. कार्यक्रम होऊ द्या. कागदांची मिसल घरी आहे, संध्याकाळी घेऊन जा." आणि पायऱ्या चढून वर जाऊन बसले. एवढी कडक शेरवानी, पण माणूस आतून पार खचला होता. एकच काम उरलं होतं त्यांच्याजवळ, आणि तेही मी हार-तुऱ्यांनी काढून घेत होतो! आता सत्कार थांबवावा तर न्यायाधीश बसलेले, सोलापूरकर बसलेले.

मी भडकून रावसाहेबांच्या शेजारी जाऊन बसलो आणि दात ओठ खात कुजबुजलो, "तुमचं चांगलंच फावलं की. मावशी कागद काढून घेतीय. उद्या तुमच्यासमोर उभं राहायलाच कुणी नाही."

"असं म्हणता?" ते म्हणाले आणि पान दुसऱ्या गालात घेतलं. पलीकडं त्यांचा बागायतदार बसला होता, त्यानंही ऐकलं. तो मिशीत हसला. मला दोघांचाही असा संताप आला म्हणून सांगू!

मानपत्र वाचून झालं. आता शाल घालायची, त्याआधी रावसाहेबांचं भाषण. ते उठले, उपरणं सारखं केलं आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "अध्यक्षमहाराज, या सत्काराला माझी हरकत आहे."

सोलापूरकर सावरून बसले.

"कारणं देतो. सत्कार काम संपलेल्याचा करतात. या गृहस्थांचं संपलेलं नाही. उद्या ते माझ्यासमोर उभे राहायचे आहेत, आणि त्या धास्तीनं आज माझ्या घशाखाली घास उतरला नाही."

न्यायाधीशसाहेबांनी घाईघाईनं हात वर केला. "रावसाहेब, चालू प्रकरणावर इथं बोलू नका."

"प्रकरणावर चकार शब्द नाही, साहेब. वकिलावर बोलतोय." ते वळून वकीलसाहेबांकडं बघायला लागले. "या माणसानं मला उर्दूत हरवलं. उर्दू गेली तेव्हा मी म्हटलं, चला, सुटलो. तर हे मराठी शिकून आले आणि मराठीत हरवायला लागले. यांच्या पायी माझा पोरगा वकिली नको म्हणाला, डॉक्टर झाला. आणि मावशी, तुम्ही!"

मावशी दचकली.

"तुम्ही वकील बदलताय असं ऐकतो. बदला, आत्ताच्या आत्ता बदला! ती मिसल यांच्या हातून काढून घ्या. मी इथनं थेट मारुतीला जातो आणि नारळ फोडतो. यांना एक काय, दोन शाली घाला, पण एकदाचं घरी बसवा. आणि बसवणार नसाल, तर माझी हरकत नोंदवून घ्या. उभ्या वकिलाला शाल घालायची नसते."

मावशी उठली. "ह्यो आपल्या उलट्या अंगाचा वकील न्हवं?" तिनं मला विचारलं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

"व्हय, मावशी."

"आन ह्योच म्हंतोय, वकीलसाबास्नी काडा म्हून?"

"व्हय."

"मग म्या काय येडी हाय व्हय?" ती ओरडली. "वकीलसाब, कागद ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच! आन ती शाल काय घिऊ नगा!"

काय हशा उसळला म्हणता! सोलापूरकरांनीसुद्धा टाळ्या पिटल्या. न्यायाधीशसाहेब रुमाल तोंडाला लावून हसत होते. वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग माझ्याकडं बघून त्या मऊ आवाजात म्हणाले, "चिटणीससाब, शाल तुमच्याकडं ठेवा. पुढची तारीख मी कळवतो."

सगळा हॉल हसत होता, एक बागायतदार सोडून. समारंभ सुटल्यावर त्यानं रावसाहेबांना अंगणात गाठलं. "वा, रावसाहेब! माझं मीठ खाऊन त्यांची आरती?" त्यानं तिथल्या तिथं कागद परत मागितले. रावसाहेबांनी कारकुनाला घरी पाठवून सगळे कागद मागवून त्याच्या हवाली केले. संध्याकाळपर्यंत त्यानं आमच्यातलाच एक तरुण वकील गाठला होता.

माझं हसू कुठल्या कुठं पळालं. "रावसाहेब, हे काय करून बसलात?"

"भाषण," ते म्हणाले आणि चालायला लागले.

सोमवारी अपील निघालं. तरुण वकील बरा बोलला. मग वकीलसाहेब उठले. ओढा, वाट, मेंढरं, काट्या, सगळं त्यांनी असं डोळ्यांसमोर उभं केलं की मावशी मागं बसून स्वतःचीच कहाणी आ वासून ऐकत होती. निकाल पुढं तिच्याच बाजूनं लागला आणि ती वाट आजही मोकळी आहे. पण मला आठवतं ते वेगळंच. माझ्या मागच्या बाकावर, अंगात काळा कोट, हातात एकही कागद नाही, असे रावसाहेब येऊन बसले होते. सबंध युक्तिवादात त्यांनी तोंडातलं पानसुद्धा चघळलं नाही.

बाहेर ओसरीवर दोघं समोरासमोर आले. मला वाटलं, होणार आता तोच कोरडा रामराम. पण वकीलसाहेब थांबले.

"कसं झालं?"

"झकास. तो दुसरा मुद्दा तेवढा कच्चा होता."

"मला माहीत होतं," वकीलसाहेब म्हणाले. "रात्रभर तोच डोक्यात होता. तुम्हालाही दिसला होता, तर काल का नाही सांगितलंत?"

"काल कसा सांगणार? कागद परत दिले तरी पक्षकाराचं गुपित थोडंच सुटतं! काल दुपारपर्यंत मी तुमच्या विरुद्ध होतो."

वकीलसाहेबांचे डोळे भरून आले, आणि माझेही. खोटं कशाला बोलू? मग त्यांनी रावसाहेबांचा हात धरला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि त्या कच्च्या मुद्द्यावर तावातावानं भांडत दोघं चहाच्या टपरीकडं निघाले. मला कुणी चला म्हटलंसुद्धा नाही.