मोकळी टाकी

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचं माहेर जत भागातलं, टँकरची वाट बघण्यात बालपण गेलेलं. त्यामुळे त्यांच्या लेकाने आमच्या सांगलीच्या घरात माशांसाठी काचेची टाकी आणून चांगल्या पाण्यात मीठ कालवलं, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. भावकीतली पोरं फौजेत गेली, हा एकटाच जहाजावर. सुट्टी संपली की टाकी माझ्या गळ्यात. आत्यांचा मात्र हळूहळू आतल्या केशरी, पांढऱ्या पट्ट्यांच्या माशावर जीव जडला. पोरगं समुद्रात आणि मासाही समुद्राच्या पाण्यातला, तेव्हा मासा हिंडताफिरता असला की पोरगं खुशाल, असा त्यांचा हिशेब. मी हसायचे.

गेल्या खेपेला निघण्याआधी नवऱ्याने एक निळा मासा आणून थेट टाकीत सोडला. थोड्याच दिवसांत त्याच्या अंगावर रवा चिकटावा तसे पांढरे ठिपके आले आणि तो मेला. मग तसाच एक ठिपका केशरी माशाच्या शेपटीवर दिसला. जहाज रेंजबाहेर जाण्याआधीच्या शेवटच्या फोनवर नवऱ्याने सांगितलं, हे किडे आहेत. ते माशाच्या अंगावरून गळतात, वाळूत बसतात, तिथे एकाचे शेकडो होतात आणि मग डोळ्यांना न दिसता नवीन अंग शोधत पाण्यात फिरतात. मासा मागच्या खोलीत औषधाच्या टबात ठेव. टाकी दोन-अडीच महिने मोकळी राहू दे, पंप मात्र बंद करू नको. अंग मिळालं नाही की उपाशी मरतील.

टबात मासा सुधारला. पण त्या मोकळ्या टाकीसमोर जेवायला बसणं मला नकोसं झालं. नितळ पाणी, निळा उजेड, दगडावरचं शेवाळ हलतंय आणि आत कुणी नाही. म्हणजे कुणी नाही असं नव्हतंच. काचेला बोट टेकलं की वाटायचं, आतलं सगळं माझ्या बोटाकडे वळलंय. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई मी. तरी टाकीकडे पाठ करून बसायला लागले, तर भीती आणखीच वाढली.

आत्यांना तर ते बघवेना. रिकामा पाळणा हलवू नये, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. इथे रिकाम्या घरात पाणी रात्रंदिवस हलत होतं, आणि लेकाचा फोन नव्हता. मी किड्यांचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

एका संध्याकाळी शाळेतून आले, तर मासा टाकीत. आत्या समोर पाटावर बसलेल्या, काचेला हळदीकुंकू लावलेलं.

"पोराची जागा मोकळी ठिवू नगं," त्या म्हणाल्या. "बघ की, कसा खेळतोय."

माझा संताप झाला. जाळी घेऊन धावले, तर मासा दगडांच्या कपारीत शिरला. स्वतःच्या घरी आलेला तो, बाहेर कशाला येतोय? हाती लागायला आठ दिवस गेले, तोवर त्याचं सगळं अंग पांढरं झालं होतं. पुन्हा टबात ठेवला, पण आता औषधाचा उपयोग नव्हता. आत्या टबाशी बसून राहिल्या. त्याच्या कल्ल्यांकडे बघत त्याही तशाच धापा टाकत होत्या. मासा मेला त्या दिवशी त्या रडल्या नाहीत, जेवल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. नवराच. बंदराला लागलोय, सगळं ठीक आहे, म्हणाला. मला रडूच फुटलं. मी फोन आत्यांच्या कानाला लावला. त्या नुसत्या ऐकत होत्या, नजर मोकळ्या टाकीवर. बोलणं संपल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"त्योच हुता न्हवं?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि थांबले. एवढ्या बोलण्यात त्याने माशाचं काहीच विचारलं नव्हतं.